लेखनाची कामं मिळवायला व्हॉट्सॲप बिझनेस: आठ महिन्यांचा अनुभव

मी सांगलीत विश्रामबागला राहते, वेबसाईट, ब्रोशर, पाकिटामागची माहिती असलं मराठी-इंग्रजी लिहून देते. आधी दोन वर्षं एका फ्रीलान्सिंग साईटवर होते, तिथं प्रपोजल टाकायलाही पैसे आणि काम मिळालं तर कमिशन वेगळं, रात्र रात्र जागून लिहायचं आणि उत्तरच नाही. मग वाटलं, मार्केट यार्ड आहे, मिरजेचे दवाखाने आहेत, तासगावचा बेदाणा आहे, यांना कोण लिहून देतंय? म्हणून व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं वेगळं व्हॉट्सॲप घेतलं, फुकटच आहे.

पहिले दोन महिने वाया गेले. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, 256 जण बसतात हे वाचून मी दीडशे दुकानदारांचे नंबर गोळा करून मेसेज टाकला, बहुतेकांच्या नावापुढे एकच टिक. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो जातो, हे तेव्हा कळलं. आता मी आधी दुकानात जाते, बोलते, आणि समोरच त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर सेव्ह करून घेते.

खरा फरक पडला तो कॅटलॉगमुळे, म्हणजे ॲपमध्ये आपली कामं फोटो आणि दरासकट मांडायची यादी. सुरुवातीला त्यात "कंटेंट रायटिंग, प्रति शब्द अमुक रुपये" असं होतं, एकानंही विचारलं नाही. एक व्यापारी म्हणाले, "शब्दाला पैसे? मग कमी शब्दात लिहा की ओ." त्यांचं बरोबरच होतं, त्यांना शब्द नको, पाकीट विकलं जायला हवं. मग नाव बदलून "हळदीच्या पाकिटामागचा मजकूर, दोन भाषांत, दोन दुरुस्त्या धरून, 1200 रुपये" असं केलं आणि फोटोत आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी शेजारी लावला.

तो नमुना कसा झाला ते सांगते. त्या पाकिटावर "शुद्ध व दर्जेदार हळद" एवढंच होतं, असं तर सगळेच लिहितात. मालकांशी तासभर बोलत बसले तेव्हा निघालं की त्यांचे आजोबा हरिपूरच्या पेवात हळद साठवायचे, पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तेच पहिल्या ओळीत घेतलं. त्यांना भौगोलिक मानांकनही (जीआय टॅग, माल त्या भागाचाच खास असल्याची सरकारी नोंद) छापायचं होतं, सांगलीच्या हळदीला ते 2018 ला मिळालंय, पण त्यासाठी आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते हे मी सांगितलं, आणि तिथं त्यांचा माझ्यावर विश्वास बसला. पुढची तीन कामं त्यांच्याच ओळखीतनं आली.

स्टेटस रोज टाकते, पण "सेवा उपलब्ध" असलं नाही, एखादी ओळ का बदलली एवढंच. 24 तासांत ते जातं म्हणून चांगले नमुने कॅटलॉगमध्येही ठेवते. क्विक रिप्लाय लई कामाचे, दर आणि ॲडव्हान्सचा मेसेज एका शॉर्टकटमध्ये जातो. एका ग्राहकानं पूर्ण काम घेऊन फोन उचलणंच बंद केलं, तेव्हापासून निम्मे पैसे आधी, आणि उरलेले पैसे ज्यांचे यायचेत त्यांच्या चॅटला "पेमेंट बाकी" लेबल.

पुण्यामुंबईचं काम यातनं एकही आलं नाही, हे खरं. सुरू करणार असाल तर सिम मात्र वेगळं घ्या, घरच्याच नंबरवर केलंत तर मावशीच्या गुड मॉर्निंगमध्ये ग्राहकाचा मेसेज हरवतो आणि दोन तासांनी उत्तर दिलं की तो दुसरीकडं गेलेला असतो.