शिकार आणणारा नर की अंगातनं गोळा काढून देणारा?

साताऱ्यात पोरगी बघायला जाताना कंदी पेढे नेतात ना, तसं किड्यांतही चालतं, फक्त तिथं हिशोब एकदम रोखठोक. हँगिंगफ्लाय म्हणजे पानाफांदीला लटकून शिकार धरणारा किडा, त्याचा नर आधी माशीबिशी मारून आणतो, मादी ती खात असते तेवढाच वेळ मेटिंग, किडा बारका निघाला की काही मिनिटांतच हाकलते, मोठा असला तर 20 एक मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात शुक्राणू भरपूर जातात. काही नर तर असले चालू की मादीचं सोंग घेऊन दुसऱ्याची शिकारच ढापतात!

काही रातकिड्यांत बाहेरचं काही नाही. नर अंगातनंच जेलीसारखा गोळा बनवून शुक्राणूंच्या पिशवीला चिकटवतो, मादी आधी गोळा खात बसते तोवर पिशवी रिकामी होते, नाहीतर तिनं पिशवीच लगेच खाल्ली असती. अमेरिकेतल्या मॉर्मन क्रिकेटमध्ये (नावात क्रिकेट असलं तरी हा खरा रातकिडा नाही, त्याचा भाऊबंद) पिशवीसकट हा ऐवज नराच्या वजनाच्या पाव भागाएवढा भरतो, म्हणून तिथं खाणं कमी असलं की नखरे नराचे, हलकी मादी नको म्हणतो, कारण जड मादीकडं अंडी जास्त.

मला शिकारवाला स्वस्तात सुटतो असं वाटायचं, पण शिकारीला हिंडताना कोळ्याच्या जाळ्यात मादीपेक्षा जास्त अडकतो तोच.