कर्वे रस्त्यालगतच्या केंद्रातील बोन स्कॅन : यंत्र उत्तम, विचारपूस अपुरी

माझ्या मोठ्या बहिणीच्या स्तनाचा कर्करोग काखेतील गाठींपर्यंत पोहोचलेला होता आणि तिची कंबरही सतत दुखत होती, म्हणून केमोथेरपीपूर्वी डॉक्टरांनी बोन स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून हाडांची चित्रे घेणारी तपासणी, करून घेण्यास सांगितले. त्यासाठी आम्ही पुण्यातील कर्वे रस्त्यालगतच्या एका न्यूक्लिअर मेडिसिन केंद्रात गेलो.

नोंदणीच्या फोनवर पूर्वतयारीविषयी कोणी काहीच सांगितले नाही. परिणामी, मधुमेह असलेली माझी बहीण धायरीहून उपाशीपोटी आली, आणि तेथे पोहोचल्यावर तंत्रज्ञ म्हणाले, "ताई, उपाशी यायचं असतं ते पीईटी (PET) स्कॅनला, याला नाही." खालच्या उपाहारगृहातील पोह्यांनी वेळ निभावली.

प्रत्यक्ष तपासणीबाबत मात्र तक्रारीला जागा नाही. इंजेक्शनमधल्या टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याची तीव्रता दर ६ तासांनी निम्मी होत असल्याने येथे वेळापत्रक काटेकोर पाळले जाते. इंजेक्शननंतर औषध हाडांत शोषले जाईपर्यंत सुमारे ३ तास थांबावे लागते आणि त्या काळात भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवीला जावे लागते; इतक्या रुग्णांसाठी एकच स्वच्छतागृह असणे हे म्हणूनच गैरसोयीचे आहे. स्कॅनला अर्धा तास लागला. कॅमेरा चेहऱ्याजवळ येताच बहीण घाबरली, तेव्हा तंत्रज्ञांनी शेजारी उभे राहून तिला धीर दिला.

खरी उणीव अहवालात दिसली. कमरेचा एक मणका आणि एक बरगडी येथे औषधाचे शोषण वाढलेले असून अधिक तपासणी करावी, एवढेच त्यात लिहिले होते. ती रात्र आम्ही जागून काढली. बोन स्कॅनमध्ये कर्करोग थेट दिसत नाही. हाड जेथे नव्याने घडत असते ती जागा उठून दिसते, मग कारण संधिवाताचे असो, झिजेचे असो वा जुन्या फ्रॅक्चरचे. बहीण गेल्या वर्षी स्कूटरवरून पडून तिची तीच बरगडी मोडली होती, परंतु केंद्राच्या अर्जात जुन्या दुखापतीचा रकानाच नव्हता. मणक्याच्या एमआरआयमध्ये केवळ झीज निघाली. स्पेक्ट-सीटीची (बोन स्कॅनला सीटी स्कॅनची जोड देऊन हाडातील नेमकी जागा दाखवणाऱ्या तपासणीची) सोय असती, तर बहुधा त्याच दिवशी उलगडा झाला असता. नोंदणी करताना ही सोय आहे का, हे अवश्य विचारावे.

प्रतीक्षा कक्षातील फलकावर स्तनाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णासाठी हा स्कॅन सुचवला आहे, तो मला अजिबात पटला नाही. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, लक्षणे नसतील आणि पसरण्याचा धोका कमी असेल, तर हा स्कॅन करू नये, असे अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीने २०१२ सालीच सांगितले आहे. ज्यांना त्याची गरज नाही, त्यांच्या वाट्याला आमच्यासारखीच एखादी रात्र येण्याची शक्यता अधिक.

पुन्हा स्कॅन लागला तर आम्ही याच केंद्रात जाऊ, पण बरगडीचा जुना एक्स-रे सोबत घेऊन आणि घरून नाश्ता करून.