लंबक, तारेची मोटार की सूर्यचूल? नववी-दहावीच्या वर्गासाठी

खानदेशातल्या विज्ञान शिक्षकांची अडचण बहुधा सारखीच असते. जोड तासिका एकच, वर्गात पन्नास-साठ मुलं आणि प्रयोगशाळेच्या कपाटात असेल तेवढंच साहित्य. म्हणून कमी खर्चाचे तीनच प्रयोग इथे तोलून पाहतो. प्रदर्शनासाठी विकत मिळणारी तयार मॉडेल्स मी धरलेली नाहीत, कारण त्यात मुलांच्या हाताला काही कामच उरत नाही.

लंबकाला दोरा, एक जड नट किंवा गवंड्याचा ओळंबा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. खिडकीच्या गजांना दहा-बारा लंबक सहज टांगता येतात, म्हणजे अख्खा वर्ग एकाच वेळी कामाला लागतो. पंखे मात्र बंद ठेवा. दोऱ्याची लांबी टांगणीपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची आणि झोका लहानच द्यायचा. १ मीटर लांबीला २० आंदोलनांना साधारण ४० सेकंद लागतात, २५ सेंटिमीटरला २०. लांबी चौथाई केली की वेळ निम्मा होतो. जड वजन लवकर झुलेल असं मुलं पैजेवर सांगतात. वजन बदलूनही वेळ तोच आला की पुन्हा मोजायला धावतात.

यातली चूकसुद्धा शिकवून जाते. सोडतानाच ‘एक’ म्हटलं आणि ‘वीस’ला घड्याळ थांबवलं, तर आंदोलनं १९च होतात. भागाकार मात्र २० ने केला जातो आणि त्या वेळेवरून काढलेलं गुरुत्वत्वरण g ९.८ ऐवजी १०.९ मी/से² च्या आसपास येतं. उत्तर लगेच सांगू नका, चूक मुलांनाच शोधू द्या. मोजमाप म्हणजे काय हे त्या दहा मिनिटांत जितकं कळतं, तितकं फळ्यावर शिकवून कळत नाही.

मोटारीचा आनंद वेगळाच. १.५ व्होल्टचा सेल, दोन सेफ्टीपिना, जुन्या स्पीकरचं चुंबक आणि इनॅमलचा थर असलेल्या तांब्याच्या तारेचं दहा-पंधरा वेढ्यांचं वेटोळं. आपल्याकडे पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करणारी दुकानं गावोगाव आहेत, तिथे तारेचे तुकडे मिळतात. सबमर्सिबलची प्लॅस्टिक गुंडाळलेली तार मात्र घेऊ नका, ती हवी तशी खरवडता येत नाही.

सगळी मेख खरवडण्यातच आहे. तारेचं एक टोक पूर्ण खरवडायचं. दुसरं, वेटोळं उभं धरून, फक्त वरच्या बाजूने. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर पुढच्या अर्ध्या फेरीत बल उलटं लागतं आणि वेटोळं नुसतं डुलत राहतं. जमलं की मागच्या बाकावरून ‘सर, फिरी राह्यनं!’ असा आवाज येतो, आणि दहावीच्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ धड्यातला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम समोर फिरताना दिसतो. पण पहिल्या तासात सगळ्यांच्या मोटारी फिरत नाहीत, हे धरूनच वेळ राखा. वेटोळं अडकलं तर सेल तापतो, तो लगेच काढायला सांगा.

सूर्यचूल आपल्या उन्हाला साजेशी वाटते खरी, पण कडक ऊन असतं तेव्हा शाळेला सुट्टी, आणि शाळा सुरू होते तेव्हा ढग. म्हणून ती दिवाळीनंतरच घ्यावी. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४५ अंशांवर असतो, तेव्हा आरसा त्या हिशेबाने कलवावा लागतो. एका खोक्यात दुसरं खोकं, मधल्या पोकळीत कापूस, वर काच. नुसता भात शिजवून थांबलात तर ती सहल होईल. दोन चुली करा, एकीत काळं भांडं आणि दुसरीत चकचकीत, आणि दर दहा मिनिटांनी पाण्याचं तापमान लिहून घ्या. साक्री तालुक्यातला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प पाहिलेली मुलं दोन्ही एकच समजतात. तिथे प्रकाशाची वीज होते, इथे फक्त उष्णता अडवली जाते, हे आधीच स्पष्ट करा.

एकच तास असेल तर मी डोळे मिटून लंबक घेईन. दोन-तीन तास आणि दहावीचा वर्ग असेल तर मोटार. नंदुरबारकडच्या आश्रमशाळांना मात्र सूर्यचूल अधिक सोयीची. मुलं तिथेच राहतात, त्यामुळे हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी दहा ते दोन सलग नोंदी घेता येतात.