कॉन्सर्व्हर आठ महिने वापरून: एक पोर्ट, सहा माणसं आणि ब्रेकची भीती

आमच्या लॅबमध्ये बारा बोर्ड (छोटे उघडे संगणक) आणि दोन जुने सिस्को राउटर आहेत, सगळ्यांचे सिरीयल कन्सोल (यंत्राशी थेट मजकुरातून बोलायची जोडणी) एका लिनक्स मशीनला यूएसबीने जोडलेत आणि सहा जण ते कॉन्सर्व्हर या कन्सोल वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून वापरतो. आधी सेर-टू-नेट (सिरीयल पोर्ट नेटवर्कवरून उघडून देणारं सॉफ्टवेअर) होतं. टूल चांगलंय, हलकंय, घरी एका बोर्डसाठी मी अजून तेच वापरते. पण त्यात किकओल्डयूजर ही सेटिंग चालू केली की नवीन माणूस आला की जुना सरळ बाहेर, आणि बंद ठेवलं की कुणी सेशन उघडं टाकून घरी गेला तर बाकीचे बसले बोंबलत. आम्ही चालू ठेवलेलं. एकदा एकजण एसपीआय फ्लॅशवर (बोर्डवरची मेमरी चिप) नवीन यू-बूट (बोर्ड सुरू करणारा प्रोग्राम) लिहीत होता, जुनं इरेज झालेलं, राइट चालू, तेवढ्यात दुसऱ्याने तोच पोर्ट उघडला. त्याला स्क्रीन कोरी दिसली, चार एंटर मारले, काही येईना, बोर्ड हँग झाला समजून त्याने पॉवर काढली. झालं, बोर्ड गेला. चिपला क्लिप लावून बाहेरून फ्लॅश करावा लागला, अख्खी दुपार त्यातच गेली, आणि खरं सांगायचं तर दोघांपैकी चूक कुणाचीच नव्हती.

म्हणून कॉन्सर्व्हर. यात एका कन्सोलवर लिहिणारा एकच, बाकीचे फक्त बघतात. कंट्रोल-ई, मग सी, मग डब्ल्यू दाबलं की आत्ता कोण कोण आहे ते दिसतं, आर दाबलं की मागच्या वीस ओळी परत येतात. ही आर त्या दिवशी असती तर राइट चालू आहे हे त्याला लगेच कळलं असतं! एफ दाबून कंट्रोल हिसकावता येतो, पण आधीचा माणूस बाहेर फेकला जात नाही, तो बघ्या होतो आणि कुणी घेतला ते त्याला स्क्रीनवर दिसतं. आमच्याकडे आता एफ मारायच्या आधी हाक मारायची पद्धत पडलीये. इंटर्न मुलांना कॉन्फिगमध्ये आरओ (फक्त बघायची परवानगी) दिलंय, ती बघून बघून भराभर शिकतात.

ब्रेकचं मात्र सगळ्यांना नीट बसवून सांगा. कंट्रोल-ई, सी, एल, शून्य दाबलं की खरा सिरीयल ब्रेक जातो, म्हणजे अक्षर नाही, तारेवरचा एक खास इशारा. लिनक्सवर सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम द्यायची सोय) चालू असेल तर ब्रेकनंतर पाच सेकंदात बी दाबलं की मशीन तिथल्या तिथे रीबूट, डिस्क सिंक (उरलेला डेटा डिस्कवर उतरवणं) वगैरे काही नाही. सिस्कोला बूट होताना पहिल्या मिनिटात ब्रेक गेला तर तो रॉममॉनमध्ये (राउटरचा दुरुस्तीचा मोड) जाऊन बसतो, पासवर्ड विसरला की हेच कामाला येतं, पण चुकून गेला की राउटर वर येतच नाही आणि माणूस केबल तपासत बसतो.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. कंट्रोल-ई बॅशमध्ये (लिनक्सची कमांड लाइन) ओळीच्या शेवटी जायला लागतं, इथे ते पुढची की दाबेपर्यंत अडकून राहतं, शेवटी मी एस्केपच (कमांडच्या सुरुवातीचा कंट्रोल-ई, सी) बदलला. आयडलटाइमआउट (बराच वेळ हालचाल नसली की चालणारी सेटिंग) आहे पण तो कन्सोलला ठरलेला मजकूर पाठवतो, लिहिणाऱ्याचा कंट्रोल सोडवत नाही, त्यामुळे जेवायला गेलेल्या माणसाला फोन करावाच लागतो. आणि कॉन्फिगमध्ये डिव्हाइस म्हणून टीटीवाययूएसबी-शून्य असं लिनक्सने क्रमाने दिलेलं नाव लिहू नका, रीबूटनंतर नंबर फिरतात आणि तुम्ही भलत्याच बोर्डवर रीसेट मारता. बाय-पाथ (केबल कुठल्या यूएसबी पोर्टात आहे त्यावरून पडणारं नाव) वापरा. आम्ही हबच्या प्रत्येक पोर्टवर कन्सोलच्या नावाचं लेबल चिकटवलंय, केबल काढली की त्याच भोकात परत लावायची.