क्विकफॅक्ट्स: टेक्सासच्या काउंट्या एका तक्त्यात

अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या ‘क्विकफॅक्ट्स’ या विनामूल्य संकेतस्थळावर टेक्सासच्या 254 काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे प्रशासकीय विभाग) चाळल्या की, 2010 ते 2020 या दशकात राज्याच्या लोकसंख्येत पडलेली सुमारे 40 लाखांची भर किती असमान विभागली गेली, हे ध्यानात येते. प्लेनो व मॅकिनी ही शहरे असलेली, मराठी कुटुंबांनाही परिचित असलेली कॉलिन काउंटी 7,82,341 वरून 10,64,465 वर गेली. उलट निम्म्याहून अधिक काउंट्यांची लोकसंख्या घटली. दर चौरस मैलामागील लोकसंख्येची ओळ मला सर्वांत बोलकी वाटते. 2020 मध्ये ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत 47 लाखांहून अधिक माणसे होती, तर तेलविहिरींच्या लव्हिंग काउंटीत अवघी 64, म्हणजे दहा चौरस मैलांत जेमतेम एक (पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यातही याहून अधिक माणसे नांदत!). तुलना एका वेळी सहाच ठिकाणांची करता येत असल्याने संपूर्ण राज्याच्या अभ्यासकाने विभागाच्या सविस्तर तक्त्यांकडेच वळावे. नकाशाचा पर्याय मात्र आवर्जून वापरावा. डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ यांच्यामधला दाट वस्तीचा त्रिकोण त्यात लगेच उठून दिसतो.