तालुक्याच्या गावी इतिहासात एम.ए.: धानपट्ट्यातील एका महाविद्यालयाचा अनुभव

भंडारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असलेल्या एका महाविद्यालयातून मी इतिहास विषयाचा एम.ए. अभ्यासक्रम नियमित विद्यार्थी म्हणून नुकताच पूर्ण केला. नागपूरला खोली करून राहणे ज्यांना परवडत नाही, घरची शेती टाकून जाणे ज्यांना जमत नाही आणि तरीही बी.ए.च्या पुढे शिकण्याची ज्यांची इच्छा आहे, अशा आमच्या भागातील मुलामुलींना प्रवेश घेण्यापूर्वी नेमकी कल्पना यावी, एवढाच या परीक्षणाचा हेतू आहे. माझे मत आधीच नोंदवतो. वर्गातील अध्यापनासाठी मी या अभ्यासक्रमाला काठावर उत्तीर्ण करीन. दुसऱ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पासाठी मात्र हात न आखडता गुण देईन.

अभ्यासक्रम दोन वर्षांचा, चार सत्रांचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिले वर्ष संपवून थांबणाऱ्यास पदव्युत्तर पदविका मिळते, पहिल्याच वर्षात संशोधन पद्धतीचा स्वतंत्र विषय असतो आणि दुसऱ्या वर्षी प्रकल्प सक्तीचा आहे. शुल्क शेतकरी कुटुंबाला झेपेल इतके आहे आणि पात्र विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळते. कागदोपत्री रचना उत्तमच म्हणावी लागेल.

प्रत्यक्षात आमच्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक एकच होते आणि उरलेले विषय तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडे होते. या शिक्षकांची तळमळ मी पाहिली आहे. परंतु त्यांची नेमणूकच सत्र निम्मे सरल्यावर होत असेल, तर इतिहासलेखनशास्त्रासारखा विषय उरलेल्या आठवड्यांत उरकला जाणार, हे ओघाने आलेच. जर्मन इतिहासकार रांके याची साधनचिकित्सा, फ्रान्समध्ये 1929 साली सुरू झालेला ॲनल्स हा इतिहासलेखनाचा संप्रदाय आणि आपल्याकडील वंचितांच्या इतिहासाची मांडणी हे सारे आम्हाला लिहून घेण्यापुरते मिळाले. बहुतेक विद्यार्थी बाजारातील मार्गदर्शिकेवर विसंबतात, प्रश्न फिरून फिरून तेच येतात आणि त्यामुळे मूळ ग्रंथ न उघडता पहिला वर्ग मिळवता येतो. ही सोय नसून या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा दोष आहे, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या सत्राची सुरुवात नेमकी रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत होते. त्या काळात अर्धा वर्ग धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात असतो आणि हजेरीपटावर लाल खुणा वाढत जातात. धानाच्या पट्ट्यातील महाविद्यालयाला आपल्या विद्यार्थ्यांचे हंगाम ठाऊक नसावेत, हे जरा नवलाचे वाटते. अवघड घटक रोवणी आटोपल्यावर घेणे काही अशक्य नव्हते. शैक्षणिक सहलीबाबतही तसेच घडले. सहल अजिंठा-वेरूळला गेली, त्याबद्दल तक्रार नाही. पण वैनगंगेच्या काठी आपल्याच जिल्ह्यात पवनी आहे, तेथील जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले आहेत, आणि तरीही पवनीचे नाव दोन वर्षांत कोणाच्या तोंडून निघाले नाही.

आता प्रकल्पाविषयी, कारण या पदवीचे खरे मोल तेथे आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी ‘शिवकालीन प्रशासन’ यासारखे आयते विषय बाजूला सारायला लावले आणि आपल्या गावाच्या कागदपत्रांतून उत्तर देता येईल असा प्रश्न शोधा, असे बजावले. मी गावच्या मामा तलावाचा विषय घेतला. मामा म्हणजे माजी मालगुजारी. पूर्व विदर्भात मालगुजारी पद्धत होती, म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरण्याचे काम मालगुजाराकडे असे. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारल्यावर नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि जमाबंदीच्या व्यवस्थेत मालगुजारांना गावावरील मालकी हक्क देण्यात आले. तलाव मात्र त्याहून पुष्कळ जुने आहेत. ते बांधण्याचे कसब कोहळी समाजाचे आणि त्याला गोंड राजांचा आश्रय, ही परंपरा आमच्याकडे सर्वश्रुत आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्या देखभालीचा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला.

या विषयासाठी लागणारी साधने तहसीलच्या अभिलेख कक्षात आहेत, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. निस्तार पत्रकात सरपण, चराई, वहिवाटीच्या वाटा, स्मशान यांविषयीचे गावाचे हक्क नोंदलेले असतात आणि वाजिब-उल-अर्ज या गावच्या वहिवाटींच्या नोंदपत्रात पाण्याचे, सिंचनाचे व मासेमारीचे हक्क आढळतात. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 165 मध्ये आजही वाजिब-उल-अर्जची तरतूद आहे. लाल फडक्यात बांधलेल्या बस्त्यातून आमच्या गावाचा कागद निघाला, तेव्हा त्याच्या घड्या विरलेल्या होत्या, कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या आणि शाई तपकिरी पडली होती. पाणी आधी कोणत्या बांध्यांना जायचे आणि तलावाची पाळ, म्हणजे बांध, फुटल्यास माती कोणी टाकायची, याविषयीच्या ओळी वाचून मी गावातील म्हाताऱ्यांकडे गेलो, तर त्यांनी सांगितलेला क्रम कागदाशी जुळेना. दोघांपैकी कोणते साधन कोणत्या बाबतीत विश्वासार्ह, कागद कोणाच्या सोयीने लिहिला गेला आणि आठवणीतून कोणाची नावे गळाली, असे प्रश्न समोर उभे राहिल्यावर वर्गात घाईने उतरवून घेतलेली साधनचिकित्सा मला प्रथमच समजली.

1908 चे भंडारा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर आमच्या ग्रंथालयात नव्हते. मात्र जुनी गॅझेटियरे संगणकावर मोफत वाचता येतात, त्यामुळे अडले नाही. मध्य प्रांताच्या राजवटीतील कागदपत्रांसाठी नागपूरच्या पुराभिलेखागारात जावे लागते. भोसलेकालीन कागद वाचायचे असतील, तर मोडी लिपी आलीच पाहिजे, आणि तिचा साधा परिचयवर्गही आमच्याकडे नव्हता. ही उणीव गंभीर आहे.

नोकरीच्या आशेने प्रवेश घेणाऱ्यांनी थोडे थांबून विचार करावा. सहायक प्राध्यापक होण्यासाठी एम.ए.ला किमान 55 टक्के, आरक्षित प्रवर्गांना 50 टक्के, आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असते. एवढे करूनही सुरुवात बहुधा तासिका तत्त्वावरच होते. स्पर्धा परीक्षेत इतिहास हा ऐच्छिक विषय घेणाऱ्यांना वाचनाचा उपयोग होतो, परंतु त्यासाठी मार्गदर्शिकेपलीकडे जावे लागते. घरूनच शिकायचे असेल, तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा एम.ए. हा पर्याय आहे आणि त्यांचे पाठ ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात; मात्र माध्यम इंग्रजी किंवा हिंदी आहे, मराठीत उत्तरे लिहिण्याची सवय असलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. आम्ही ते पाठ पूरक वाचन म्हणून वापरले आणि तासिका बुडाल्या तेथे त्यांनीच निभावून नेले.

येथे प्रवेश घेणार असाल, तर प्रकल्पाचा विषय दुसऱ्या सत्रातच ठरवावा आणि तहसील व पुराभिलेखागार या दोन्ही ठिकाणांसाठी विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचे पत्र दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच घेऊन ठेवावे, कारण सुट्टीनंतर धानकापणी आणि मळणी सुरू होते आणि परीक्षेचे अर्जही त्याच सुमारास निघतात.