रायगड ते रत्नागिरी: समाध्या, घुमट आणि कबरी, कुठे थांबावं आणि कुठे हात जोडून पुढे जावं

कोकणात नावाजलेल्या माणसांच्या चिरविश्रांतीच्या जागा बऱ्याच आहेत. पण बघण्यासारखी वास्तू, वाचण्यासारखा लेख आणि पोहोचण्याजोगी वाट हे तिन्ही एकत्र फार थोड्या ठिकाणी मिळतं. त्या कसोटीवर पहिला नंबर निर्विवाद खोकरीच्या घुमटांचा. जंजिरा बघायला आलेली नव्वद टक्के मंडळी राजपुरीच्या धक्क्यावरून मुरुडला परत फिरतात. घुमट तिथून जवळच, आगरदांड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आहेत.

घुमट तीन. सर्वात मोठा सिद्दी सुरुलखानाचा. त्याची जंजिऱ्यावरची सत्ता १७०७ ते १७३४, आणि हा घुमट त्यानं हयातीतच बांधून घेतला असं म्हणतात. बाजूचे दोन लहान घुमट सिद्दी कासिम ऊर्फ याकूतखान आणि त्याचा भाऊ खैरियतखान यांचे. याकूतखान म्हणजे १६८९-९० मध्ये मुंबईच्या इंग्रजांना किल्ल्यात कोंडून घालणारा दर्यावर्दी. या दोन घुमटांवर अरबी लेख आहेत. ते बघायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जावं. ऊन डोक्यावर असलं की अक्षरांना सावली राहत नाही आणि सगळा दगड सपाट दिसतो. सावलीतला लेख असेल तर मोबाइलचा दिवा समोरून मारू नका, भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरा, अक्षरं उठून येतात. खडू, पीठ, तेल यातलं काहीही दगडाला लावू नये. तेलावर धूळ बसते, आणि चार पावसाळ्यांनी आधी दिसत होतं तेही दिसेनासं होतं. सालं हिजरी असतात. आकड्याला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवले की इसवी सन येतो. १११८ असेल तर १७०६-०७. वर्षभराचा फरक धरून चालायचं.

जाळीचं नक्षीकाम सुरुलखानाच्या घुमटावर बघावं. अर्धा तास राखून ठेवा. घोटभर पाणी बरोबर असू द्या आणि कबरींपाशी जाताना चपला बाहेर काढा. पावसाळ्यात घुमट हिरवेगार दिसतात, फोटो उत्तम येतात, पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर घसरण्याची हमी आहे. ऑक्टोबरनंतरच जावं.

अलिबागची गोष्ट उलटी: माणूस मोठा, दर्शन छोटं. सरखेल कान्होजी आंग्रे ४ जुलै १७२९ रोजी गेले. त्यांची समाधी अलिबाग शहरातच, भर वस्तीत आहे. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून १७२१ मध्ये इथल्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले, तो हा दर्यासारंग. पण समाधीपाशी उभं राहून त्यातलं काही कळेल अशी अपेक्षा ठेवू नये. आधी थोडं वाचून गेलात तर दहा मिनिटं सार्थकी लागतील, नाहीतर चारचाकीला जागा शोधण्यातच जास्त वेळ जाईल. गाडी किनाऱ्याजवळ लावून चालत या, हे सरळ.

समाधीला जोडून कुलाबा किल्ला करायचा असेल तर कोळ्यांचं गणित वापरा. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. ओहोटीच्या दीड तास आधी निघावं आणि ओहोटी झाल्यावर तासाभरात किनाऱ्याला लागावं. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, पाणी पुरतं हटत नाही. त्या दिवशी वाळूतून चालत जाण्याचा हट्ट धरला की कपडे भिजतात, उधाणाच्या दिवशी परतायला उशीर केला तर त्याहून वाईट होतं. मुंबईहून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रोरो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, धरावी.

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, आपले शनवार तेली, यांचे पूर्वज इथल्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना इथेच पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. नावं कोरलेली नाहीत, घुमट नाही, आहे ते स्मारक आणि दफनभूमी. घाईतल्या माणसानं इकडे येऊ नये. ज्याला रेवदंडा-अलिबाग पट्ट्यातल्या किहीमकर, पेणकर, चौलकर या आडनावांचं कुतूहल आहे, त्यानं मात्र चुकवू नये.

पाचाड आणि रायगड एकाच दिवसात होतात, पण क्रम महत्त्वाचा. लोक आधी गड करतात आणि उतरल्यावर दमून पाचाडला मुजरा टाकून निघतात. उलट करा. सकाळी पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी शांतता असते. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, जिजाऊ गेल्या १७ जूनला, अवघ्या अकरा दिवसांनी. गडावरची थंड हवा मानवेना म्हणून त्यांच्यासाठी खाली वाडा बांधला होता. त्याचे अवशेष आणि तक्क्याची विहीर हे दोन्ही बघितल्याशिवाय समाधीचा संदर्भ लागत नाही. मग वर. महाराजांची अष्टकोनी समाधी जगदीश्वराच्या देवळाजवळ आहे. रोपवेनं आलेल्यांना तिथवर बरंच चालावं लागतं, हे वृद्धांना आधी सांगून ठेवा. सलग सुट्ट्यांना रोपवेची रांग तासांत मोजायची असते. जगदीश्वराच्या पायरीवरचा ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ हा लेख पायाखाली येतो, वाचून मग पाऊल टाका. पोलादपूरजवळच्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. महामार्गावरून आत वळायची तयारी असेल तरच.

रत्नागिरीत रिक्षावाल्याला नुसतं ‘थिबा’ सांगितलं तर तो राजवाड्याकडे किंवा थिबा पॉइंटला नेणार. ‘थिबाची समाधी, शिवाजीनगर’ असं पूर्ण सांगा. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा १८८५ मध्ये पदच्युत झाला, १८८६ पासून रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. टेकडीवरचा राजवाडा तयार झाला १९१० मध्ये, म्हणजे त्याला तो जेमतेम सहा वर्षं मिळाला. डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. धाकटी राणी आधीच, १९१२ मध्ये गेली होती. दोघांचं दफन झालं ते थेट १९१९ मध्ये. थोरली राणी सुपयालत त्याच वर्षी मायदेशी परतली, तिची कबर रंगूनला आहे. हे माहीत नसेल तर ख्रिस्ती दफनभूमीला लागून असलेल्या त्या छोट्या कुंपणात बघण्यासारखं काय, असं वाटेल. माहीत असेल तर इथून टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मस्थानी जावं. १९०८ ते १९१४ रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या तुरुंगात आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, असा तो उफराटा हिशेब होता.

डागडुजीबद्दल एक तक्रार, सगळ्याच छोट्या समाध्यांना लागू. जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट चढवला की पाणी आतच कोंडतं, दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा पापुद्रे धरून सुटतो आणि येताना चिऱ्याचा पृष्ठभागही ओढून आणतो. कोरीव अक्षरं असतील तर ती रंगानं बुजतात ते वेगळंच. चुन्याचा गिलावा महाग पडतो, कारागीर मिळत नाही, हे खरं. मग काहीच लावू नका. फक्त सांध्यातलं पिंपळाचं रोप हातभर व्हायच्या आत मुळासकट काढा.

पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधीमंदिर या यादीतलं सर्वात नीट राखलेलं. स्वामींचा जन्म १९०३ चा, समाधी १५ ऑगस्ट १९७४ ची. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून किनाऱ्याच्या रस्त्यानं जावं. आवाज नाही, ढकलाढकली नाही. दुपारच्या आत पोहोचलात तर खिचडीचा प्रसाद मिळतो.